सतरा नंबरचा स्क्रू

स्टुलावर चढलेलं माणूस दिसलं की साचेकाकांचं हातातलं काम थांबायचं. बल्ब बदलणारा असो की पडदे लावणारी, काका आधी त्या माणसाकडे बघायचे, मग खालच्या फरशीकडे, आणि मनातल्या मनात आकडे मांडायचे: साठ किलो, तीन फूट, टाचांवर पडला तर. त्यापुढचं ते स्वतःलाही सांगत नसत. बायकोला माळ्यावरचं काही काढायचं असलं तर ती काका कामावर जाईपर्यंत थांबायची. "हे घरात असले की स्टूलसुद्धा घाबरतं," असं ती शेजारणीला सांगायची, आणि काका ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

ही भीती जन्मजात नव्हती, नोकरीतून आली होती. अकरा वर्षं काकांनी दातांच्या कवळ्या करणाऱ्याकडे साचे ओतले. प्लास्टर कालवावं तर त्यांनीच. एक बुडबुडा राहायचा नाही, पातळी केसाइतकीही ढळायची नाही. तेवढ्या एका गुणावर त्यांना मणक्यांच्या प्रयोगशाळेत बोलावणं आलं. "हाडं काय, दातांसारखीच. फक्त चावत नाहीत," हा त्यांचा विनोद पहिल्या वर्षी बराच चालला. दुसऱ्या वर्षी त्यांनी तो बंद केला.

काम असं होतं. उंचावरून पडलेल्या माणसाचा मणका नेमका कसा मोडतो हे समजून घ्यायचं, तर तो प्रयोगशाळेत तसाच मोडून बघावा लागतो. करवतीने चीर पाडून मोडलेलं हाड करवतीने मोडल्यासारखंच दिसतं. माणसासारखं मोडायचं तर माणसासारखाच मार बसावा लागतो. ज्यांनी मरणानंतर देह दिला होता त्यांच्या पाठीचे तीन-तीन मणके, एकमेकांना जोडलेले, फ्रीजरमधून येत. बहुतेक म्हातारी माणसं. काका ते सावकाश वितळू देत, ओल्या गॉजमध्ये गुंडाळून ठेवत, मग वरचा मणका एका धातूच्या वाटीत आणि खालचा दुसऱ्या वाटीत प्लास्टर ओतून पक्का बसवत. मधला मोकळा राही. मोडायचा तो मधला. मज्जारज्जू जिथून जातो त्या पोकळीत पाण्याने भरलेली मऊ नळी घातलेली असे, आणि तिच्यावर किती दाब आला ते शेजारच्या पडद्यावर दिसे.

मग टॉवर. दोन उभ्या दांड्या आणि त्यांच्यामधून सुटणारं वजन. वजन सोडण्याआधी काका एकच शब्द मोठ्याने म्हणत, "सरका." त्या शब्दावर सगळ्यांनी पिवळ्या रेघेमागे जायचं, मग पाहुणा कितीही मोठा असो. त्यानंतर एक आवाज होई. तो कसा असतो हे काकांनी घरी कधी कुणाला सांगितलं नाही.

मोडलेला नमुना आधी ट्रेमध्ये आडवा ठेवून त्याचा एक्स-रे काढायचा. नंतर तो चौकटीत उभा करायचा, आधाराची पट्टी सोडायची आणि हलक्या हाताने पुढेमागे वाकवून किती ताकद उरली ते मोजायचं. सतरा नंबरच्या वेळी इथेच घात झाला.

सतरा नंबर म्हणजे एक बाई, वय त्रेसष्ट. एवढीच माहिती कागदावर होती. वजन पडलं, एक्स-रे निघाला, आणि फोटोत मधला मणका पुढून थोडा दबलेला दिसला, बस. "मामुली आहे," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या आणि फोन आला म्हणून बाहेर गेल्या. काकांनी नमुना चौकटीत बसवला, स्क्रू आवळला, पट्टी सोडली, आणि त्यांच्या डोळ्यांदेखत मणके पुढे वाकले. कुणी ढकलले नाहीत, कुणी ओढले नाहीत. मधल्या हाडाचा मागचा तुकडा सरळ पोकळीत घुसला आणि पडद्यावरची रेघ वर गेली ती तिथेच राहिली. नळी पार चपटी झाली होती.

काकांना वाटलं, आपल्याच हाताने धसमुसळेपणा झाला. करार नवा व्हायला आठवडा उरला होता आणि पन्नाशी उलटलेल्या साचेवाल्याला दुसरीकडे कोण उभं करणार? मॅडमनी तोवर कधी आवाज चढवला नव्हता, पण न रागावणाऱ्या माणसाची धास्ती जास्त असते. त्या आत आल्या तेव्हा काका म्हणाले, "चौकटीचा स्क्रू ढिला होता, मॅडम. झटका बसला." मॅडमनी सुस्कारा टाकला आणि नोंदवहीत सतरासमोर लिहिलं: बाद. कारण, स्क्रू ढिला.

त्या वर्षात चौकटीचा स्क्रू तीनदा बदलला गेला. स्टोअरवाल्याने तिन्ही वेळा शपथेवर सांगितलं की स्क्रू उत्तम होता. त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही, आणि सगळं खापर त्या बिचाऱ्या स्क्रूवर फुटलं.

या गोष्टीला सहा महिने झाले असतील. एका मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला ताईच्या शेजारणीचा फोन आला.

"पडल्यात. पंखा पुसायला शिडीवर चढल्या होत्या. शुद्धीवर आहेत, काळजी करू नका. तुम्हाला कळवू नका म्हणून मला दम देतायत."

ताई म्हणजे काकांची थोरली बहीण. काका सहा वर्षांचे असताना आई गेली, तेव्हा ताई सोळा वर्षांची होती. शिवणयंत्रावर पाय मारमारून तिने त्यांना वाढवलं, शिकवलं, त्यांचं लग्न लावून दिलं. आता ती एकसष्ट वर्षांची होती, दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची, आणि एक्कावन्न वर्षांच्या भावाला भर बाजारात "ए छोट्या" म्हणून हाक मारायची. तिनेही पंखा पुसायला काका कामावर गेल्याची वेळच निवडली होती.

काका बसमध्ये बसले आणि आकडे आपोआप सुरू झाले. पंचावन्न किलो. चार फूट. शेजारीण म्हणाली होती, आधी पायांवर पडल्या आणि मग मागे बसल्या. म्हणजे टाचांवर. काकांनी डोळे मिटले तर टॉवर दिसायला लागला, म्हणून त्यांनी ते सबंध वाट उघडेच ठेवले.

रुग्णालयात ताई लांबलचक वॉर्डात खिडकीजवळच्या पलंगावर सरळ उताणी पडली होती. चेहरा पांढरा, पण जीभ जागेवर.

"आलास? आता मुळूमुळू रडू नकोस. पंखा अर्धाच पुसून झालाय."

"पाय हलतायत?"

तिने चादरीखाली दोन्ही पाय हलवून दाखवले. काकांना हायसं वाटलं आणि लगेच त्या हायसं वाटण्याचीच भीती वाटली. सतरा नंबरची नळीसुद्धा ट्रेमध्ये आडवी असताना ठीकच होती.

दुपारी तीनला हाडांचे तरुण डॉक्टर आले. दोन रात्री झोपले नसावेत असे डोळे, पण बोलणं मऊ. पलंगाशेजारच्या पडद्यावर त्यांनी एक्स-रे लावला. "एक मणका थोडा दबलाय. या वयात होतं असं. पाठीला पट्टा लावू, पाच वाजता उठवून बसवू, उद्या चालवू. पडून राहिलं की बाकीचे त्रास सुरू होतात."

काका पडद्याकडे बघत राहिले. मधला मणका पुढून थोडा बसलेला. बाकी काही नाही. आणि मागे, पाठीवर हाताला लागतात ती हाडांची टोकं, त्यांतल्या दोन टोकांमधलं अंतर इतरांपेक्षा जरा जास्त. जरासंच. काकांनी अंगठा आणि तर्जनी पडद्याला लावून ते अंतर मोजलं. हा फोटो त्यांनी पाहिलेला होता.

डॉक्टर दुसऱ्या पलंगाकडे निघाले तसे काका त्यांच्या मागे गेले. "डॉक्टर, तिला बसवू नका. मागचे बंध तुटलेत. मणक्यांना मागून धरून ठेवतात ते. आडवं आहे तोवर कळत नाही. उभं केलं की सगळं पुढे येतं."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"मी... साचे ओततो. मणके मोडायच्या प्रयोगशाळेत."

डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांच्या चांगुलपणातच धरायला हवं. "काका, तुमच्याकडे येतात ती नुसती हाडं. जिवंत माणसाला स्नायू असतात, ते धरून ठेवतात. आणि अशा प्रत्येकाचा मोठा फोटो, एमआरआय, काढायचा म्हटलं तर यंत्रापाशी रांग लागेल. तुमच्या प्रयोगात असं झाल्याचं कुठे लिहिलेलं आहे का? लिहिलेलं असेल तर दाखवा, मी बघतो."

लिहिलेलं होतं ना. स्क्रू ढिला होता, असं लिहिलेलं होतं.

काकांनी जिन्यात जाऊन भिंतीला पाठ टेकली. आता खरी पंचाईत अशी की हे खोटं त्यांनी स्वतःला इतक्यांदा सांगितलं होतं की खरं काय ते त्यांचं त्यांनाच नीट आठवेना. स्क्रू खरंच ढिला असेल तर? आपण उगाच ताईला झोपवून ठेवू, लोक हसतील, तिच्या छातीत कफ भरेल. आणि घट्ट असेल तर पाच वाजता तिचे पाय जातील. त्यांनी उजवा हात समोर धरला. स्क्रू आवळताना अंगठ्याच्या बाजूला एक वळ उठतो, दोन दिवस दुखतो. सतराच्या दुसऱ्या दिवशी चहाचा कप धरताना तो दुखला होता. हे त्यांना स्वच्छ आठवलं. चार वाजून वीस मिनिटं झाली होती.

त्यांनी मॅडमना फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा मॅडम बोलल्या.

"मॅडम, सतरा नंबर आठवतो?"

"स्क्रूवाला? बाद केला तो. का?"

"स्क्रू घट्ट होता."

काका थांबले असते तर पुन्हा बोलू शकले नसते, म्हणून ते बोलतच सुटले. "मी स्वतः आवळला होता. मी नमुन्याला हात लावलेला नव्हता. पट्टी सोडली आणि तो आपोआप पुढे वाकला. नळी चपटी झाली. ट्रेमधल्या फोटोत काही नव्हतं, मागची दोन टोकं तेवढी एकमेकांपासून लांब होती. मला वाटलं माझ्याच हातून मोडला. मी घाबरलो."

"हे आज का सांगताय?"

"माझी बहीण पडलीय. तिचा फोटो तसाच आहे. पाच वाजता तिला उठवून बसवणार आहेत."

मॅडमनी श्वास घेतलेला ऐकू आला. "डॉक्टरांच्या हातात फोन द्या. चालत जाऊ नका, पळा."

डॉक्टर वॉर्डाच्या बाहेर टेबलाशी काहीतरी लिहीत होते. काकांनी फोन सरळ त्यांच्या कानालाच लावला. डॉक्टर आधी वैतागले, मग ऐकू लागले, मग त्यांनी लेखणी खाली ठेवली. काकांना क्षणभर वाटलं, सुटलो. त्यांनी वळून वॉर्डाच्या दारातून आत पाहिलं.

व्यायाम करून घेणारी मुलगी ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधीच आली होती. कामसू मुलगी. ताईच्या कमरेला पट्टा बांधून झाला होता आणि मुलगी पलंगाच्या पायथ्याचा दांडा फिरवत होती. ताईचं डोकं चार बोटं वर आलेलं. ताई स्वतःच हातांवर भार देऊन उठायला बघत होती, कारण ताईला आयुष्यात दुसऱ्याने उठवलेलं कधी खपलं नव्हतं.

"सरका!"

काका असे ओरडतात हे काकांनाही ठाऊक नव्हतं. मुलीने दांडा सोडला. नर्स मागे झाली, भेटायला आलेली माणसं भिंतीला चिकटली, पलीकडच्या पलंगावरच्या आजोबांनी नुसतेच पाय आखडून घेतले. काका धावत आले, दांडा धरला आणि उलटा फिरवायला लागले. सावकाश, टॉवरचं वजन हाताने खाली आणतात तसं. डोकं सपाट टेकलं तेव्हा त्यांनी ताईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून तिला दाबून धरलं.

"छोट्या, लोक बघतायत."

"बघू देत. हलू नकोस."

"अरे, मला बाथरूमला जायचंय."

"इथेच कर."

आयुष्यात पहिल्यांदाच धाकट्या भावाने तिला हुकूम सोडला होता. ताई इतकी चकित झाली की गप्प बसली. काकांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "बोटं हलव. पायाची."

उजव्या पायाची बोटं लगेच हलली. डावी हलली नाहीत. काका चादरीवरच्या त्या लहानशा उंचवट्याकडे बघत राहिले. वॉर्डात कुणीतरी खोकलं. ताईच्या कपाळावर आठ्या पडल्या, आणि काकांनी पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भीती पाहिली. आई गेली त्या दिवशीही ती त्यांना दिसली नव्हती. दिसू दिली नव्हती.

"मुंग्या आल्यात रे," ती हळू म्हणाली.

"येऊ देत. पुन्हा हलव."

अंगठा हलला. मग बाकीची बोटं. काकांना रडू कोसळलं, पण खांद्यांवरचे हात त्यांनी काढले नाहीत. तरुण डॉक्टर कानाला फोन लावलेलेच आत आले तेव्हाही ते तसेच वाकून उभे होते.

मोठा फोटो त्याच संध्याकाळी निघाला. मागचे बंध तुटले होते आणि हाडाचा तुकडा आत सरकलेला होता. ती मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडली. तिची यात काही चूक नव्हती असं काकांनी तिला दोनदा सांगितलं, आणि ते सांगताना त्यांची मान वर होईना. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला ताईला शस्त्रक्रियेसाठी आत नेलं. जाताना तिने विचारलं, "ती सतरा नंबर कोण रे? डॉक्टर सारखे तेच म्हणत होते."

"एक बाई. तुझ्याच वयाची."

"तिच्या घरच्यांना सांग. चांगली होती म्हणावं."

काकांनी मान हलवली. घरचे कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

नऊ वाजता मॅडम आल्या. काखेत नोंदवही. त्या काकांशेजारी बंद दारासमोरच्या बाकावर बसल्या. काकांच्या मनात दोन भीती एकमेकींना ढकलत होत्या, एक दाराआडची आणि एक शेजारी बसलेली.

"स्क्रू तीनदा बदलला होता," मॅडम म्हणाल्या.

काका पायाने फरशीवरची रेघ चाचपत राहिले.

"काका, मी विचारतेय."

"नऊ आणि तेरा," काका म्हणाले. "तेही घट्ट होते."

मॅडमनी डोळे मिटले. "एकच असता तर मीही योगायोग म्हटला असता. पण नऊच्या वेळी सांगितलं असतंत तर तेराच्या वेळी मी कॅमेरा लावला असता. सतरापर्यंत आपण ते छापून मोकळे झालो असतो." आवाज चढलेला नव्हता. "तुमच्या नोकरीचं काय ते माझ्या एकटीच्या हातात नाही. जे झालं ते मी ऑफिसला लिहिणार. पण आधी तुम्ही लिहा. इथे, तुमच्या हाताने."

त्यांनी वही काकांच्या मांडीवर उघडून ठेवली. सतरा नंबरचं पान. 'बाद करण्याचं कारण' या रकान्यात मॅडमचं अक्षर होतं. काकांनी त्यावर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं: स्क्रू घट्ट होता.

साडेअकराला दार उघडलं. तरुण डॉक्टर बाहेर आले, तोंडावरची पट्टी खाली ओढली आणि म्हणाले, "व्यवस्थित झालं. जागं करून पाहिलं, दोन्ही पायांची बोटं हलवली त्यांनी. आणि विचारत होत्या, पंखा कुणी पुसला का."

मॅडमनी काकांच्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टर जायला हवे होते, पण गेले नाहीत. ते समोर उभे राहून काकांच्या मांडीवरची वही वाचत होते.

"काका, हा सतरा नंबर कधीचा?"

"सहा महिने झाले."

"आणि पहिला, असा आपोआप वाकलेला?"

"नऊ नंबर. वर्ष होईल."

डॉक्टर शेजारी येऊन बसले. दोन रात्री न झोपलेला माणूस आता तीन रात्रींचा झाला होता. "चार महिन्यांपूर्वी माझ्याकडे एक आजोबा आले होते," ते म्हणाले. "शिडीवरूनच. असाच फोटो. पाय चांगले हलत होते. पाच वाजता मी त्यांना बसवलं. त्यानंतर हलले नाहीत."

थोड्या वेळाने ते उठून ताईकडे आत गेले. काकांनी वही पुन्हा उघडली. 'स्क्रू घट्ट होता' याच्या खाली रिकामी जागा होती, आणि खरं कारण अजून लिहायचं राहिलं होतं. तिथे त्यांनी लिहिलं: मी घाबरलो होतो. मग तेरा नंबरचं पान काढून तेच लिहिलं, आणि मग नऊचं.